मांडव विचारून घालावा

घर बांधणारा माणूस जमीन विकत घेतो, नकाशा मंजूर करून आणतो, आणि एकदा डोक्यावर स्लॅब पडला की त्याला कुणाला काही विचारावं लागत नाही. मांडव घालणाऱ्याची गत वेगळी. जागा दुसऱ्याची असेल तर ती विचारायची. बांबू कमी पडले तर ते मागून आणायचे. चार हात हवेत म्हणून आळीत हाका मारायच्या, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंना नमस्कार करून ‘तुमच्या गजाला दोरी बांधली तर चालेल ना?’ असंही म्हणायचं. कार्य पार पडलं की सगळं सोडायचं, ज्याचं त्याला परत करायचं. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून विचारणं आलंच.

वास्तुकला म्हटलं की आपल्याला देवळं, लेणी, किल्ले आठवतात. टिकलं ते मोठं, असा आपला एक साधा हिशेब असतो. त्या हिशेबात मांडवाला, राहुटीला, पाणपोईच्या झापांना, उपोषणाला बसलेल्यांच्या डोक्यावरच्या कापडाला जागा नाही. पण आपली माणसं एकमेकांत मिसळली, भांडली, जेवली, रडली ती बहुतेक या असल्या आठ-पंधरा दिवसांच्या छपरांखालीच. हे कसं होतं याचा विचार करताना मी दर वेळी त्या विचारण्यापाशीच येऊन थांबतो.

कोकणात माझ्या लहानपणी मांडव ही लग्नापुरती गोष्ट नव्हती. पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरायचं, गवत वाढायचं. भातं झोडून झाली की अंगण करायला घ्यायचे. गवत खरवडायचं, माती टाकायची, चोपण्याने चोपायची, शेणाने सारवायची. मग मेढी पुरायच्या. बेचक्याच्या मेढी जुन्याच, गोठ्याच्या आढ्याला वर्षभर ठेवलेल्या. त्यांवर बांबूंचे आडवे-उभे वासे, आणि वर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. एका घराच्या माणसांनी हे होत नसे. मेढ सरळ आहे का हे ती धरणाऱ्याला कळत नाही, लांबून बघणारा एक लागतो. वर चढणाऱ्याला खालून बांबू देणारा लागतो. झाप विणायला तर बायकांचा घोळका बसायचा. आज आमचा, उद्या शेजारच्यांचा, परवा खालच्या घराचा, असा मांडव वाडीभर फिरायचा. ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे त्याच्याकडेही एखादा लांब बांबू मागायला जावं लागे, आणि तो ‘ने’ म्हणाला की निम्मं भांडण तिथेच संपे.

दिवाळीनंतर घातलेला तो मांडव मे अखेरपर्यंत उभा असायचा. हळदीकुंकू, भजन, दुपारचे पत्ते, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या रात्रीच्या पथाऱ्या, कुणाची सोयरीक जमवण्याच्या बैठका, सारं त्याच्या खाली. घरात बोलवावं लागतं. मांडवात माणूस येऊन बसतो. ओसरीच्या पायरीवर चढायचं की नाही असा ज्याला प्रश्न पडे, तोही मांडवाच्या कडेला टेकत असे. मृग जवळ आला की झाप उतरत. कुजलेले चुलीत जात, धड असलेले लाकूडफाट्यावर झाकण म्हणून.

आता बहुतेक अंगणांवर लोखंडी खांबांची पत्र्याची शेड आहे. ती सोयीची आहे, याबद्दल मला शंका नाही. पाऊस लागत नाही, दर वर्षी राबावं लागत नाही. झाप विणणारी माणसं उरलेली नाहीत, आणि साठीच्या गृहस्थाने वाशावर चढावं असं कुणी म्हणणार नाही. शेडच्या खाली लोक अजूनही बसतात. फक्त ती उभारायला एकदाच फॅब्रिकेटर आला आणि गेला. त्यानंतर शेजाऱ्याकडे काही मागायचं कारण राहिलं नाही. ज्या वर्षी शेड झाली त्या वर्षीपासून खालच्या घराशी आमचा संबंध लग्नपत्रिकेपुरता उरला. हा दोष पत्र्याचा नाही. एकमेकांची गरज पडण्याचा एक ठरलेला दिवस वर्षातून गेला, एवढंच.

देशावरच्या लग्नात हीच गोष्ट विधी होऊन बसलेली दिसते. मुहूर्तमेढ रोवताना खड्ड्यात हळदकुंकू, सुपारी, नाणं घालतात, मेढीला आंब्याचा डहाळा बांधतात. मग मांडवडहाळे. भावकीतली माणसं वाजतगाजत आंब्या-जांभळाच्या फांद्या आणतात आणि मांडवावर टाकतात. आज वर ताडपत्री असते, सावलीसाठी त्या डहाळ्यांची गरज नसते, तरी ते आणले जातात. कारण डहाळे आणायला कोण आलं आणि कोण फिरकलं नाही, याची नोंद सगळा गाव ठेवत असतो. रुसलेल्या चुलत्याला आणायला नवरीचा बाप स्वतः जातो. चुलता शेवटी येतो, फांदी टाकतो, आणि मगच मांडव पुरा झाला असं मानतात. बांबू आणि दोरीने ते छप्पर केव्हाच उभं राहिलेलं असतं. माणसांच्या हिशेबात ते अजून अर्धवट असतं.

मुंबईच्या चाळीत मी याचं दुसरं रूप पाहिलं. चाळीत कुणी गेलं की पोरं सरळ मंडपवाल्याकडे धावायची. त्याला निरोपाखेरीज काही सांगावं लागत नसे. तासाभरात चौकात ताडपत्री ताणलेली, खाली खुर्च्या मांडलेल्या. दहा बाय बाराच्या खोलीत दुःखाला बसायला जागा नसते. घरात बायका, जिन्यात नातेवाईक, आणि ऑफिसातून, गावाहून येणारी माणसं त्या ताडपत्रीखाली. कुणी कुणाशी फार बोलत नाही, चहाचे कप फिरतात, आणि लग्नाला येऊ न शकलेला माणूस इथे मात्र तासभर बसून जातो. त्याच मंडपवाल्याच्या त्याच खुर्च्या आठवड्यापूर्वी कुणाच्या तरी बारशाला असतात. चौकातलं क्रिकेट मात्र त्या दिवशी न सांगता बंद राहतं. त्या चौकाची मालकी कुणाकडे आहे हा प्रश्न एरवी गाडी लावण्यावरून पेटतो. त्या दिवशी तो कुणी काढत नाही.

मंडपवाल्यांचं काम मी तासन् तास बघत बसलो आहे. बांबूच्या मांडवात खिळा नसतो. खिळ्याने बांबू चिरतो आणि चिरलेला बांबू पुन्हा वापरता येत नाही. सगळा भार दोरीच्या वेढ्यांवर आणि गाठींवर. गाठ अशी की वजन पडेल तशी ती आवळत जाते आणि टोक ओढलं की सुटते. कापड दाभणाने टाचतात, तेही उसवता येईल असं. म्हणजे सोडण्याचा विचार बांधतानाच केलेला असतो. काँक्रीटची इमारत बांधणारा ती पाडायची कशी याचा विचार क्वचितच करतो. मराठवाडा-विदर्भात या धंद्याच्या पाट्यांवर ‘बिछायत केंद्र’ लिहिलेलं असतं. तिथे गाद्या, लोड, कनाती, पातेली, पराती, सगळं भाड्याने मिळतं. गावातली ही एक अजब सार्वजनिक मालमत्ता. एकाच्या मालकीची, पण पाळीपाळीने साऱ्या गावाच्या घरची झालेली.

हे सगळं गोड गोड वाटू लागलं की मला महाडची आठवण होते. विचारावं लागतं याचा अर्थ कुणीतरी नाही म्हणू शकतो. १९२७च्या मार्चमध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेला जमलेली माणसं चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायली. ती मंडपात परतली, जेवणाची तयारी चाललेली होती, आणि आता हे देवळात शिरणार अशी अफवा उठवून जमाव मंडपावर चालून आला. अन्न मातीत गेलं, माणसांची डोकी फुटली. मांडवाला भिंती नसतात याची किंमत त्या दिवशी माणसांनी मोजली. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रहासाठी पुन्हा जमायचं ठरलं, तेव्हा मंडपाला जागा द्यायला गावातला एकही हिंदू तयार होईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. दुकानदार माल देईनात म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून महाडला आले. २५ डिसेंबरच्या रात्री त्या मंडपासमोर खणलेल्या खड्ड्यात मनुस्मृती जाळली गेली.

विषमतेला पवित्र मानणारं पुस्तक इतकी शतकं टिकून होतं. ते जाळलं गेलं ते काही दिवसांसाठी मागून घेतलेल्या जमिनीवर. ज्यांना कायमचं छप्पर गावकुसाबाहेरच मिळालं होतं, त्यांना गावाच्या मधोमध उभं राहायला मांडव हाच एक मार्ग होता, आणि तोही एका माणसाने हो म्हटलं म्हणून. मांडवात सगळे समान असतात असं म्हणण्याची आपल्याला सवय आहे. तसं कधीच नव्हतं. लग्नाच्या मांडवात पंगती वेगळ्या बसत, बायका मागून जेवत, आणि ज्या हातांनी खड्डे खणले, हलगी वाजवली, त्यांचं पान मांडवाच्या बाहेर मांडलं जाई. छप्पर एक असलं तरी त्याच्या खाली न दिसणाऱ्या भिंती असतात. पण मांडव दर वेळी नव्याने उभा राहतो, म्हणून त्या भिंतींचा प्रश्नही दर वेळी नव्याने विचारता येतो. देवळाचा गाभारा एकदा बांधला की त्याचा उंबरठा शेकडो वर्षं तसाच राहतो. पंगत मोडायला मात्र पुढच्या लग्नापर्यंतच थांबावं लागतं. आमच्या वाडीत ती मोडली ती अशाच एका लग्नात, दोन म्हाताऱ्यांनी ताट सोडून जाण्याची धमकी दिल्यावर आणि नवऱ्या मुलाने ‘जा’ म्हटल्यावर.

महाडनंतर नऊ वर्षांनी, १९३६च्या डिसेंबरात, काँग्रेसचं वार्षिक अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात भरलं. खानदेशातलं फैजपूर. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. अधिवेशनासाठी वसवलेल्या तात्पुरत्या वस्तीला टिळकनगर नाव दिलं होतं. गांधीजींचा आग्रह असा, की ही वस्ती खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंनी आणि खेड्यातल्या हातांनीच उभी राहावी. त्यांनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावलं. आपण चित्रकार, वास्तुरचना आपलं काम नव्हे, म्हणून बोस आधी कचरले होते. शेवटी त्यांनी बांबू आणि भोवताली मिळणारं साधं सामान घेऊन ती वस्ती सजवली. आपले साने गुरुजी त्या तयारीसाठी खानदेशातली गावं पालथी घालत होते. देशाचं राजकारण तोवर शहरातल्या सभागृहांच्या सवयीने चाललेलं; ते खेड्यात आणायचं तर खेड्यात सभागृह नव्हतं, आणि ते बांधावं असं गांधीजींना वाटलंही नसतं. गावकऱ्याच्या ओळखीच्या बांबूखाली देशाचे नेते येऊन बसले. ज्याने तो बांबू तोडून आणला होता त्याला आपण पाहुणे आहोत असं वाटायचं कारण नव्हतं. यजमान तोच होता.

तात्पुरत्या छपराखाली पक्के व्यवहारही होतात. गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावला गेलात तर तमाशाच्या फडांच्या राहुट्या ओळीने लागलेल्या दिसतील. आत खुर्च्या, वर फडाच्या नावाचा फलक. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं येतात, एका राहुटीतून दुसरीत जातात, चहा पितात, घासाघीस करतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांची सुपारी देऊन जातात. एका कापडी रांगेत शेकडो गावांच्या रात्री ठरतात. आषाढी वारीत तर राहुट्या लावणं-काढणं रोजचंच. ज्ञानोबांच्या पालखीच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या असतात, मागे कितीतरी. सामानाचे ट्रक पुढे जातात, पालखी तळावर पोचेपर्यंत तंबू आणि राहुट्या उभ्या झालेल्या असतात. हजारो माणसं आपापल्या जागी येतात, समाज आरतीला चोपदार दंड उंच करतो आणि सगळा तळ गप्प होतो. पहाटे तिथे चुलींची राख तेवढी असते. या शिस्तीला लेखी नकाशा लागत नाही. कोण कुणाच्या पुढे, कोण कुणाच्या मागे, हे ठरून गेलेलं असतं आणि दर वर्षी पाळलं जातं.

मुंबईचे वास्तुरचनाकार राहुल मेहरोत्रा यांनी भारतातल्या शहराची अशीच दोन रूपं सांगितली आहेत. एक स्थिर शहर, दगड-काँक्रीटचं, नकाशावर दिसणारं. दुसरं हलतं शहर, मिरवणुकींचं, फेरीवाल्यांचं, मांडवांचं, बांबू-कापड-पत्र्याचं. २०१३च्या प्रयागच्या कुंभाचा अभ्यास त्यांनी आणि हार्वर्ड विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो याच उत्सुकतेने. मला त्यात एकच पुस्ती जोडावीशी वाटते. हलतं शहर चालतं ते स्थिर शहरातल्या लोकांनी थोडं सरकून घेतलं तर. ज्याच्या दारासमोर मांडव पडतो त्याचा होकार हा त्या रचनेतला एक खांबच असतो.

हा खांब काढून घेतला की काय होतं, हे गणेशोत्सवात दिसतं. १८९३ साली गिरगावात केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. तिथे अजून मूर्ती लहान, मांडव चाळीच्या बेतापुरता. ज्यांच्या दारात तो पडतो तेच वर्गणी देतात आणि तेच आरतीला उभे राहतात, त्यामुळे तक्रार करायची तर स्वतःविरुद्धच करावी लागते. पुढे मांडव रस्त्यावर आले, मोठे झाले, प्रायोजकांच्या कमानींनी लांबले. ज्यांच्या दारासमोर ते उभे राहतात त्यांची ओळख मंडळाला असेलच असं उरलं नाही. विचारणं संपलं, आणि जिथे माणसं एकमेकांना विचारत नाहीत तिथे कोर्टात विचारावं लागतं. ठाण्यातल्या एका डॉक्टरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६मध्ये रस्ते आणि पदपथ मोकळे मिळणं हा नागरिकांचा हक्क असल्याचं बजावलं. खांबांसाठी रस्त्यात खणलेल्या खड्ड्यांवर मुंबई महापालिका दंड आकारते. २०२५मध्ये तो खड्ड्यामागे २,००० रुपयांवरून १५,००० केला गेला, ओरड झाली, आणि पुन्हा २,०००वर आला. काही मंडळं आता रस्ता न खणता वाळू-सिमेंट भरलेल्या डब्यांत खांब उभे करतात. पूर्वी हे शहाणपण मंडपवाल्याला कुणी न सांगता होतं. ज्या अंगणात मेढ पुरली तिथला खड्डा बुजवून वर शेणाचा हात फिरवूनच तो घरी जात असे.

मला उत्सवांचा राग नाही, आणि रस्ता ही केवळ गाड्यांची जागीर आहे असंही मी मानत नाही. वर्षभर मोटारींना दिलेला रस्ता दहा दिवस माणसांना मिळाला तर बिघडलं काय, हा प्रश्न रास्तच आहे. पण तो मांडायचा अधिकार त्यालाच, जो अकराव्या दिवशी रस्ता होता तसा परत देतो. आणि रुग्णवाहिका अडली तर मांडवाची बाजू मी तरी घेणार नाही.

दुसऱ्या टोकाला आता लॉन्स आणि मंगल कार्यालयं आहेत. पैसे भरले की बारा तासांसाठी सगळं तयार. विचारायचं कुणालाच नाही. त्यात सुख आहे, विशेषतः मुलीच्या आईबापांना, हे कबूल. पण ज्या गल्लीतल्या मुलीचं लग्न, त्या गल्लीला त्याचा पत्ता नसतो. पाहुणे असतात, शेजारी नसतात. आणि ज्याला लॉन परवडत नाही, त्याने मांडव घालायचा कुठे?

याचं उत्तर जुन्या बांधकामांत सापडतं. पेशवाईतल्या काही वाड्यांच्या चौकात मान वर केली तर भिंतींत ठोकलेल्या लोखंडी कड्या दिसतात. त्या कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. कार्याच्या वेळी छत बांधायला. वाडा बांधणाऱ्याने पक्की भिंत उभी करतानाच कच्च्या छताची सोय करून ठेवली होती. कायमचं बांधताना चार दिवसांच्या पाहुण्या छपराला जागा ठेवायची, ही बुद्धी त्या काळच्या गवंड्याला होती.

आजच्या गृहसंकुलांचे नकाशे मी हौसेने बघतो. पोहण्याचा तलाव असतो, जिम असतं, पोडियमवर बाग असते. कुणी गेलं तर माणसं कुठे बसणार, हे मात्र नकाशात नसतं. खाली सगळं पार्किंग, वर पेव्हर ब्लॉक आणि ‘येथे मंडप उभारण्यास मनाई आहे’ अशी पाटी. खर्च म्हणाल तर जमिनीत झाकण असलेले आठ-दहा पाइप पुरायचे, भिंतीत सहा कड्या ठोकायच्या आणि एक चौक गाड्यांपासून वाचवायचा, एवढाच. नगररचनेच्या नियमांत जिना किती रुंद असावा हे असतं, गाडीला किती जागा सोडावी हे असतं. त्यांतच एक कलम मांडवाच्या जागेचंही असावं. मग त्या जागेवर मांडव कधी, किती दिवस आणि कुणाचा, यावरून सोसायटीच्या सभेत भांडणं होतील. ती व्हावीत. निदान त्यानिमित्ताने तिसऱ्या मजल्यावरचा माणूस सातव्या मजल्यावरच्याचं दार वाजवून काहीतरी विचारेल.